सहलीचं ठिकाण कसं निवडावं? : सातपुड्यापासून वॉटर पार्कपर्यंत



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत एकच विषय सुरू होतो. "सर, यंदा सहल कुठं?" मुलांची उत्तरं तयारच असतात. कुणाला वॉटर पार्क हवा, कुणाला मुंबई, कुणाला मावसभावाने मोबाईलवर दाखवलेली उंच घसरगुंडी. स्टाफरूममध्येही चर्चा ठिकाणापासूनच सुरू होते. मागच्या वर्षी इथे गेलो, यंदा तिथे जाऊ.

माझं म्हणणं असं की ठिकाण नंतर ठरवावं. आधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. पहिली, या सहलीतून मुलांना कोणता प्रश्न पडावा असं आपल्याला वाटतं? दुसरी, वर्गातली किती मुलं येऊ शकतील? या दोन ओळी लिहिल्या की निम्मी ठिकाणं आपोआप गळतात आणि उरलेल्यांची खरी किंमत कळते.

दुसऱ्या ओळीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. आपल्या भागात वर्गातल्या काही मुलांचे आईवडील केळीच्या बागेत मजुरीला जातात. घड कापणं, वाहणं, ट्रकमध्ये भरणं. हाताला काम असेल त्या दिवशी पैसे. अशा घरी सहलीचं संमतीपत्र गेलं की मूल दुसऱ्या दिवशी सांगतं, "सर, माझं पोट दुखतं, मी नाही येणार." पोट दुखत नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे. सहलीनंतरचे चार दिवस वर्गात सहलीच्याच गप्पा चालतात आणि ही मुलं खाली मान घालून वही चाळत बसतात. सहल हा अभ्यासाचा भाग आहे असं आपण म्हणतो, तर मग तो सगळ्यांच्या वाट्याला यायला हवा.

आता फैजपूर मध्यभागी धरून जवळून लांब असे निघू या.

१. पायी सहल : आपलं फैजपूर

सर्वात स्वस्त सहल गावातच आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं. खेडेगावात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. महात्मा गांधी आले होते. अधिवेशनासाठी उभारलेल्या नगराला टिळकनगर नाव दिलं होतं आणि त्याची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावातल्याच साध्या सामानातून केली होती. धनाजी नाना चौधरी यांचा या आयोजनात मोठा वाटा होता.

मुलांना विचारा : मोठी शहरं सोडून खेड्यात अधिवेशन का घेतलं असेल? इतक्या लोकांच्या पाण्याची, जेवणाची, झोपण्याची सोय कशी केली असेल? तिसरी-चौथीची मुलं यावर तासभर बोलतात. घरच्या आजी-आजोबांनी त्यांच्या वडिलांकडून काही ऐकलं असेल तर तेही वर्गात येतं. खर्च शून्य, हजेरी शंभर टक्के.

२. चांगदेव आणि हतनूर : आपली तापी उलटी का वाहते?

तासाभराच्या अंतरावर चांगदेवला तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम आहे. संगमाजवळ चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे. योगी चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं, त्याला उत्तर म्हणून 'चांगदेव पासष्टी' लिहिली गेली आणि पुढे मुक्ताई चांगदेवांच्या गुरू झाल्या, ही गोष्ट मुलांना इथेच सांगावी. मुक्ताईचं स्थान जवळच कोथळीला आहे.

भूगोलाचा प्रश्नही इथेच विचारा. नकाशात गोदावरी, कृष्णा, भीमा पूर्वेकडे जातात. तापी मात्र मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. असं का? उत्तर मुलांच्या डोळ्यांसमोर असतं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधला भाग खचलेला. या लांबट खोलगट पट्ट्यातून, म्हणजे खचदरीतून, तापी वाहते. दोन बाकांच्या मध्ये सतरंजीची पन्हळ करून पाणी सोडलं की पहिलीच्या मुलालाही समजतं.

पुढे तापीवर हतनूर धरण आहे. पावसाळ्यात 'हतनूरचे ४१ दरवाजे उघडले' ही बातमी मुलांनी ऐकलेली असते. ते दरवाजे लांबून का होईना पाहिले की ४१ हा आकडा कायमचा लक्षात राहतो. हिवाळ्यात जलाशयावर लांबून आलेले पक्षी दिसतात. दोन दुर्बिणी आणि पक्ष्यांची चित्रं छापलेला एक कागद एवढं सामान पुरतं. पाण्यात मात्र कुणालाही उतरू द्यायचं नाही. हा नियम निघतानाच सांगा आणि काठावर एक शिक्षक कायम उभा ठेवा.

३. पाल : डोंगरावरचं पाणी जातं कुठं?

रावेर तालुक्यातलं पाल म्हणजे आपलं सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण. आजूबाजूला यावल अभयारण्याचं जंगल, वाटेत सुकी नदी आणि गारबर्डीचं धरण. तडवी आणि पावरा समाजाच्या वस्त्याही याच भागात. मुलांनी तिथल्या मुलांशी बोलावं, पण त्यांची घरं 'बघायला' जाऊ नये. आपल्या घरात कुणी न विचारता डोकावलं तर आपल्याला कसं वाटेल, एवढं आधी विचारलं की पुरे.

इथला प्रश्न आपल्या पोटापाण्याचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी नद्यांनी हजारो वर्षं गोटे, वाळू, खडी आणून टाकली आहे. भूजलाचे जाणकार या पट्ट्याला 'बझाडा' म्हणतात. डोंगरावरून आलेलं पाणी या खडीतून झपाट्याने जमिनीत मुरतं आणि खाली आपल्या विहिरी-बोअरकडे सरकतं. केळीला पाणी भरपूर लागतं, त्यामुळे यावल-रावेर भागात उपसा मोठा आणि पाण्याची पातळी खोल गेलेली.

सहलीच्या आदल्या दिवशी गृहपाठ द्या : घरी किंवा शेजारी विचारून या, आजोबांच्या काळात पाणी किती फुटांवर लागायचं आणि आता बोअर किती फूट घ्यावी लागते? ते आकडे वहीत लिहिलेली मुलं सुकीच्या कोरड्या पात्रातले गोटे हातात घेतात, तेव्हा 'पाणी जिरवा' ही नुसती भिंतीवरची घोषणा राहत नाही.

४. उनपदेव : ज्वालामुखी नाही, मग पाणी गरम कसं?

चोपडा रस्त्यावर अडावदजवळ सातपुड्याच्या कुशीत उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे. मुलं हमखास विचारतात, "खाली जाळ लावलाय का?" जमिनीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांमधून खूप खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. सातपुड्याच्या पायथ्याला खडक मोठ्या प्रमाणावर तुटलेला आहे, म्हणून अशा वाटा इथे सापडतात. परवानगी घेऊन तापमापी नेता आली तर झऱ्याचं आणि जवळच्या हापशाचं तापमान मोजून वजाबाकी करायला लावा. गणिताचा तास तिथेच होतो.

५. अजिंठा आणि लोणार : एकच काळा दगड

ही दोन ठिकाणं जगप्रसिद्ध आहेत. दोन्ही ठिकाणांना जोडणारी गोष्ट म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि त्यातून दख्खनचा बेसॉल्ट खडक बनला.

अजिंठ्याला वाघूर नदीने हा खडक कापून घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय. त्या वळणावर एकूण ३० लेणी आहेत. काही इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली, बाकीची बहुतेक इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. १९८३ पासून अजिंठा जागतिक वारसा यादीत आहे. मुलांना विचारा : लेणं आधी वरून कोरलं की खालून? अर्धवट राहिलेलं २४ क्रमांकाचं लेणं दाखवा आणि त्यांनाच ओळखू द्या. छत आधी कोरत खाली आलं की परात बांधावी लागत नाही. आणखी एक. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी इथे पोचला आणि १० नंबरच्या लेण्यात त्याने आपलं नाव कोरून ठेवलं. दोनशे वर्षं झाली, ते नाव अजून पुसलेलं नाही. भिंतीवर नाव का लिहू नये, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. हीच वाघूर पुढे धरणात अडते आणि जळगाव शहराला पाणी पाजते, हेही सांगा. सोमवारी लेणी बंद असतात, हे तारीख ठरवताना विसरू नका.

लोणारला त्याच बेसॉल्टवर आकाशातून अशनी आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं जवळपास गोल विवर तयार झालं. वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षं मानलं जाई, नंतरच्या मोजणीत ते ५ लाखांच्या पुढे गेलं. विज्ञानात उत्तर बदलू शकतं, हा धडा इथे फुकट मिळतो. तळ्याचं पाणी खारट आणि क्षारयुक्त आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्याचं कारण निघालं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण फैजपूरहून लोणार लांब आहे. लहान मुलांना एका दिवसात नेऊन आणणं दमवणारं होतं. ही सहल सहावी-सातवीसाठी किंवा कुटुंबासाठी ठेवावी.

६. वॉटर पार्क आणि करमणूक नगरी

आता मुलांच्या लाडक्या विषयाकडे. मी वॉटर पार्कच्या विरोधात नाही. मनमुराद हसणं, भिजणं, ओरडणं यालाही बालपणात जागा हवीच. महाराष्ट्रात १९८९ ला गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि २०१३ ला खोपोलीजवळ इमॅजिका, तेव्हापासून अशा सहलींचं आकर्षण वाढतच गेलं.

तिथेही विज्ञान आहे. रोलर कोस्टरची गाडी साखळीने पहिल्या चढावर ओढली जाते, पुढे तिला इंजिन लागत नाही. म्हणूनच पहिला चढ सगळ्यात उंच असतो. उंचीवर साठलेली ऊर्जा खाली येताना वेगात बदलते, थोडी घर्षणात जाते, त्यामुळे पुढचे चढ कमी उंचीचे. पाण्याच्या घसरगुंडीवर पाणी घर्षण कमी करतं. पुढेमागे झुलणारं जहाज म्हणजे मोठा लंबकच.

पण हे सगळं शिकायला चारशे किलोमीटर जावं लागत नाही. शाळेतल्या झोपाळ्यावर आधी एक सडपातळ आणि मग एक दणकट मूल बसवा, दहा झोके किती सेकंदांत होतात ते मोजा. वेळ जवळजवळ सारखाच येतो. मुलं थक्क होतात. महाशिवरात्रीच्या मुक्ताई-चांगदेव यात्रेतल्या उंच पाळण्यातही विज्ञान दिसतं.

शाळेच्या सहलीसाठी पार्क निवडताना अडचणी मात्र खऱ्या आहेत. तिकीट मोठं, प्रवास रात्रीचा. उंचीच्या पट्टीखाली राहिलेल्या छोट्यांना बऱ्याच खेळांत प्रवेश नाही. पाण्यात शंभर मुलं आणि पाच शिक्षक म्हणजे जिवाला घोर. म्हणून पालकांना विनंती, पार्क ही घरच्यांसोबतची मजा असू द्या. शाळेने तिथे न्यावं म्हणून आग्रह धरू नका.

निघण्यापूर्वी एवढं करा

- वर्षातून एक सहल जवळची आणि सगळ्या वर्गाची ठेवा. लांबची सहल ऐच्छिक असली तरी चालेल.
- एसटीचीच बस घ्या. शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. आगारात आधी अर्ज द्यावा लागतो.
- वर्गणी सुट्या हप्त्यांत घ्या. ज्याला जमत नाही त्याचं नाव वर्गात घेऊ नका, पालकांशी एकट्याने बोला. गावातले लोक एका मुलाचा खर्च आनंदाने उचलतात, फक्त विचारावं लागतं.
- शिक्षण विभागाची परवानगी, पालकांचं संमतीपत्र, प्रथमोपचार पेटी आणि दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस.
- प्रत्येक मुलाच्या खिशात तीनच प्रश्नांचा कागद. तीनपेक्षा जास्त प्रश्न दिले की मुलं बघत नाहीत, नुसती लिहीत बसतात.
- डबा घरचा. पुरी, सुकी भाजी, ठेचा आणि आपली केळी. साली टाकायला पिशवी सोबत.
- परतल्यावर निबंध लगेच नको. दोन दिवस नुसतं बोलू द्या, मग लिहायला सांगा.

मित्रांनो, मूल मोठं झाल्यावर तिकीट किती होतं हे विसरतं. आपण त्या बसमध्ये होतो की नव्हतो, हे मात्र विसरत नाही. यंदाची सहल ठरवताना नकाशा उघडण्याआधी हजेरीपट उघडा. शेवटच्या नावापर्यंत सगळे येऊ शकतील असं ठिकाण सापडलं, की समजा सहल निम्मी यशस्वी झाली.