एका मिलिमीटरची मोकळीक

खोपोली सोडली की बोरघाटाची चढण सुरू होते आणि गाडी चालवणाऱ्याच्या डाव्या पायाची परीक्षाही. 1830 साली या घाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा दम लागायचा तो बैलांना. आता तो क्लचला लागतो. भर पावसाळ्यात जुन्या रस्त्यावर ट्रकमागे अडकून पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करीत जो वर गेला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

कर्जतच्या माझ्या एका स्नेह्यांच्या मुलाने जुनी एमजीबी घेतली. इंग्लंडमध्ये 1962 ते 1980 या काळात 5 लाखांवर बनलेली ही स्पोर्ट्स कार. गाडी देखणी, पण क्लच तळाला टेकेपर्यंत दाबला तरी पहिला गिअर करकरत पडे, आणि रिव्हर्स तर रुसूनच बसे.

"काका, पेडलची दांडी जरा लांब करून घेतो. रेसच्या गाडीसारखा क्लच वरच्या वर काम करील," असा त्याचा बेत. घाट चढून लोणावळ्याला त्याच्या आजीकडे जायचे होते आणि शेजारच्या आसनावर मी असणार होतो. तारण पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही बँकेतली सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हटले, आधी मिस्त्रींना दाखवू. पळसदरी, केळवली मागे टाकीत आम्ही खोपोली गाठली.

या क्लचला तार नसते. पेडलची दांडी एका छोट्या सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते. तो दाब तेलामार्फत नळीतून गिअरबॉक्सजवळच्या दुसऱ्या सिलिंडरला पोचतो आणि तिथला दट्ट्या क्लच सोडवतो. खोपोलीकरांना दाब म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. 1915 पासून टाटांच्या वीजघरासाठी घाटमाथ्यावरचे पाणी मोठाल्या नळांतून इथे उतरते आहे. तिथे पाणी धो धो वाहते, इथे तेल जेमतेम सरकते. मात्र या तेलात हवा शिरली, की पायाचा जोर ती हवा दाबण्यातच खर्ची पडतो.

मिस्त्रींनी दांडीकडे पाहिले आणि मान हलवली. "हिला हात लावू नका, दादा. आधी ही पिन बघा." पेडल आणि दांडी जोडणारी ती बोटाच्या पेराएवढी पिन मधोमध झिजून कंबर आवळल्यासारखी झाली होती, आणि पेडलचे गोल भोक लांबट. इथली किंचित झीज पायाखाली कितीतरी पट होऊन येते. गिअर करकरत होता तो यामुळे.

मग दांडी लांब केली तर बिघडते कुठे? दांडी आणि दट्ट्या यांच्यामध्ये साधारण मिलिमीटरभर मोकळी जागा लागते. पाय उचलला की दट्ट्या पूर्ण मागे येतो, एक बारीक छिद्र उघडते आणि तापून फुगलेले तेल वरच्या डबीत परत जाते. दांडी लांब केली की ते छिद्र बंदच राहते. घाटात इंजिन तापते, तेल फुगते, त्याला वाट मिळत नाही. मग पाय बाजूला असतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. प्लेट घसरते, जळका वास येतो आणि गाडी ऐन वळणावर बसकण मारते. वरवर वाया जाणारी ती हालचालच क्लचला पुरते मिटू देते.

भोक भरून पुन्हा पाडले, नवी पिन बसवली. मग "दाबा... धरा... सोडा" असे करीत हवा काढली आणि तेलही बदलले. हे ब्रेकचेच तेल; ते हवेतला ओलावा शोषते आणि सिलिंडर आतून गंजतो. रायगडच्या पावसात हे विसरून चालत नाही. रंगावर सांडले तर रंगही खाते. निघताना मिस्त्रींनी आणखी एक बजावले: या गाडीचे क्लच-बेअरिंग कार्बनचे असते, गाडी चालताना पेडलवर पाय टेकवून ठेवला की ते झिजते.

वाटेत शिंग्रोबाच्या देवळाशी थांबलो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे हे ठाणे, अशी दंतकथा. रिवाजाप्रमाणे नाणे वाहिले. भर चढावर मुलाने पुन्हा पहिला गिअर टाकला. काही ऐकू आले नाही.