घरातल्या फळीवर आगगाडी!

मुलांनो, गाडीत खिडकीची जागा मिळावी म्हणून भावंडाशी एकदाही भांडला नाही, असा तुमच्यापैकी कोणी आहे का? मला तरी अजून असं कोणी भेटलेलं नाही! बोगदा आला की ओरडायचं, समोरून मालगाडी आली की तिचे डबे मोजायचे, स्टेशन आलं की पाटीवरचं नाव मोठ्याने वाचायचं... १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला १४ डब्यांची पहिली प्रवासी गाडी निघाली, तेव्हापासून आपल्याकडच्या लहानथोरांना लागलेलं हे वेड आहे.

ही गाडी आपल्या घरात आणता आली तर? मी किल्ली देऊन सोडायच्या खेळण्याबद्दल बोलत नाही, बरं का! खरी गाडी, खरे रूळ, स्टेशन, पूल हे सगळं एकाच प्रमाणात लहान करून मांडायचं, आणि गाडी हवी तेव्हा सोडायची, हवी तिथे थांबवायची. या छंदाला म्हणतात मॉडेल रेल्वे. जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीने १८९१ साली रूळ जोडून वाढवता येतील अशा गाड्या ठरावीक मापात आणल्या. पुढे इंग्लंडमध्ये मेकॅनो तयार करणाऱ्या फ्रँक हॉर्नबी यांच्या गाड्या आल्या. आज जर्मनीतल्याच हॅम्बुर्ग शहरात २००१ साली सुरू झालेलं एक प्रचंड मोठं प्रदर्शन आहे. तिथे अशा शेकडो गाड्या धावतात.

पण इतकं लांब जायला नको. पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. पुण्याला जाणार असाल तर आधी वेळ विचारून घ्या आणि ते जरूर पाहा. एकदा पाहिलंत की पुढचं सगळं भराभर समजेल.

८७ ने भागा!

मॉडेल रेल्वेत सगळ्यात आधी ठरवायचं ते प्रमाण. जगात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण आहे १ : ८७. त्याला एचओ म्हणतात. म्हणजे खऱ्या वस्तूचं माप घ्यायचं आणि ८७ ने भागायचं. त्याहून लहान एन नावाचं प्रमाण १ : १६० चं असतं. घरात जागा अगदीच कमी असेल तर ते सोयीचं, पण त्यातल्या वस्तू इतक्या नाजूक असतात की पहिल्यांदा हाताळताना त्रास होतो.

चला, वही काढा. आपल्याकडचा निळ्या रंगाचा जुना प्रवासी डबा साधारण २१.३ मीटर लांब असतो. ८७ ने भागलं की उत्तर येतं सुमारे साडेचोवीस सेंटिमीटर. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते, म्हणजे डबा तिच्याहून बराच लांब! आता २४ डब्यांची गाडी करायची म्हटलं तर? नुसते डबेच जवळजवळ ६ मीटर होतील. ही गाडी स्वयंपाकघरातून निघेल तेव्हा शेवटचा डबा बाहेरच्या खोलीत असेल! म्हणून नवशिक्याने दोन डबे आणि एक इंजिन यावर समाधान मानावं. उघडे मालडबे लांबीला साधारण निम्मे असतात. ते घेतले तर चार बसतील.

फलाट साधारण १ सेंटिमीटर उंच होईल आणि त्यावर उभा असलेला माणूस जेमतेम २ सेंटिमीटरचा. आता रुळांची गंमत ऐका. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असतं. ८७ ने भागलं तर १९ मिलिमीटरच्या थोडं वर येतं. पण बाजारातले एचओचे रूळ असतात १६.५ मिलिमीटरचे. असं का? कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून केलेले असतात. भारतीय गाडी त्यावर चालवताना एवढी तडजोड करावीच लागते.

आधी कागद, मग फळी

संच आणला, खोका उघडला आणि रूळ जोडून गाडी सोडली, की आठवड्याभरात कंटाळा आलाच म्हणून समजा. मग तो खोका कपाटावर जातो तो तिथेच राहतो. असं होऊ नये म्हणून आधी जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर चिकटवा आणि त्यावर रुळांचा आराखडा खऱ्या मापात काढा.

पहिला आराखडा साधा लंबगोल ठेवा. एचओचे वळणाचे रूळ साधारण ४४ सेंटिमीटर त्रिज्येचे घेतले, तर पूर्ण वळणाला जवळजवळ ९० सेंटिमीटर रुंदी लागते. म्हणजे ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद प्लायवूड चांगलं पुरतं. त्यावर सरळ भाग सुमारे पाऊण मीटर मिळतो. दोन डबे आणि २० सेंटिमीटरचं इंजिन मिळून होतात ६९ सेंटिमीटर. बसली की नाही गाडी फलाटाला!

फळीला खालून लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून घ्या, नाहीतर पावसाळ्यात ती वाकते. करवतीचं आणि ठोकायचं काम मोठ्यांकडे द्या. रूळ फळीच्या कडेपासून निदान ५ सेंटिमीटर आत ठेवा. घसरलेलं इंजिन टेबलावरून फरशीवर पडलं तर सगळी हौस तिथेच संपते!

लंबगोल नीट चालला की त्याला एक बाजूची लाइन जोडा. रूळ जिथे दुभंगतो त्या जागेला सांधा म्हणतात. पूर्वी तरफ ओढून तो बदलणारा रेल्वेचा माणूस म्हणजे सांधेवाला. आता सांधेवाले तुम्हीच! या एका सांध्यामुळे खेळ एकदम बदलतो. तीन मालडबे लाल, पिवळा, निळा असे उभे आहेत. बाजूच्या लाइनचा उपयोग करून ते निळा, लाल, पिवळा असे लावून दाखवा. हात लावायचा नाही, फक्त इंजिनाने ढकलायचं आणि ओढायचं. करून पाहा, डोकं चालवावं लागतं!

चढ मात्र सुरुवातीला नको. खंडाळ्याच्या घाटात रूळ ३७ मीटर अंतरात १ मीटर चढतात आणि तिथे खऱ्या गाडीलाही जादा इंजिनं लावावी लागतात. आपल्या छोट्या इंजिनाला मीटरमागे २ सेंटिमीटर चढ पुष्कळ झाला. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर सुमारे ७ सेंटिमीटर उंची हवी. म्हणजे नुसत्या चढालाच साडेतीन मीटर लांबी लागेल, आणि उतार वेगळाच. एवढी जागा आपल्या फळीवर आहे कुठे?

वीज रुळांतून येते

इंजिनात सेल नसतो, मग ते पळतं कसं? भिंतीतली २३० व्होल्टची वीज संचाबरोबरच्या यंत्रात सुमारे १२ व्होल्टची होते. ती एका रुळातून चाकात, चाकातून मोटारीत आणि दुसऱ्या चाकातून दुसऱ्या रुळात जाते. बटण जास्त फिरवलं की व्होल्ट वाढतात आणि गाडी वेग घेते. दोन रुळांतली वीज अदलाबदल केली की गाडी उलटी जाते. भिंतीतला प्लग घालणं-काढणं मोठ्यांसमोरच करा आणि ते यंत्र कधीही उघडू नका.

यातच एक मोठी मेख आहे. आराखड्यात डावा रूळ लाल आणि उजवा निळा, असे दोन रंगीत पेन्सिलींनी काढा आणि सगळ्या मार्गावर तसेच पुढे न्या. कुठेही लाल रेघ निळ्या रेघेला भेटली, तर तिथे शॉर्टसर्किट होणार! गाडी एका गोलातून फिरून आली त्याच रुळावर उलट तोंडाने परतते, तेव्हा असं घडतं. पहिल्या मांडणीत तसा गोल घेऊच नका.

गाडी अडली तर?

गाडी अडणार, हे धरूनच चाला. रागावून इंजिनाला ढोसू नका. एकेक गोष्ट तपासा.

* रोज एकाच ठिकाणी अडते? तिथला रुळांचा जोड सैल झाला असेल. तो नीट दाबून बसवा.
* सगळीकडेच अडखळते? रूळ आणि चाकं मळली असतील. औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडं सुती फडक्यावर घेऊन मोठ्यांसमोर पुसा. ते चटकन पेट घेतं, म्हणून जवळ दिवा, उदबत्ती, गॅस काही नको. सँडपेपरने घासू नका, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ पुन्हा साठतो.
* एकाच जागी घसरते? जोडावरून बोट फिरवा. बोटाला धार लागली तर रूळ वरखाली बसले आहेत.

म्हणूनच सांगते, आधी दोन-तीन दिवस गाडी चालवून पाहा आणि मगच रूळ कायमचे बसवा.

दिवाळीचा किल्ला इथे कामाला येतो

डोंगर कसे करायचे हे तुम्हाला शिकवायला नकोच! दिवाळीत किल्ला करता ना? फरक एवढाच की इथे ओली माती चालत नाही. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा सांगाडा करा, त्यावर खळीत भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे थरावर थर लावा आणि पूर्ण वाळू द्या. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून वाळवला की झालं गवत. रुळांमधल्या खडीसाठी बारीक चाळलेली वाळू पसरा आणि पांढरा गोंद निम्म्या पाण्यात कालवून, त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, थेंबाथेंबाने सोडा. साबणामुळे गोंद वाळूत झिरपतो. हे करताना वीज बंद हवी आणि सांध्याच्या हलत्या भागाला गोंद लागू द्यायचा नाही.

स्टेशन पाहायला मोठ्यांबरोबर फलाटावर किंवा पुलावर जा. बाक किती, पाटी कुठे, पाण्याचे नळ कुठे, सगळं वहीत टिपा. रुळांवर मात्र कधीही उतरायचं नाही, आणि फलाटाच्या कडेलाही जायचं नाही. आपली छोटी गाडी हाताने थांबवता येते. खरी गाडी दिसली म्हणून लगेच थांबू शकत नाही.

पैसे नसतील तर?

आता खरा प्रश्न. विजेवरचा चांगला संच घ्यायला काही हजार रुपये लागतात. सगळ्यांच्याच घरी ते जमेल असं नाही, आणि त्यासाठी आई-बाबांकडे हट्टही धरू नये. पण संच नाही म्हणून छंदच नाही, असं मुळीच नाही. पुठ्ठ्याचं स्टेशन करा आणि १ : १०० हे प्रमाण घ्या. एक मीटर म्हणजे एक सेंटिमीटर, हिशेब अगदी सोपा! आमच्या शाळेत चौथीच्या मुलांनी रिकामी खोकी आणून असंच स्टेशन केलं. विजेची गाडी नव्हती, डबे काडेपेट्यांना जोडून केलेले होते. पण एरवी भागाकार म्हटला की तोंड लपवणारी मुलं फलाटाची लांबी काढायला आपणहून फळ्यापाशी येत होती. सेलवर चालणारी साधी खेळण्यातली गाडी असेल तर तिच्या रुळांभोवती असंच गाव वसवा. हात एकदा तयार झाला की पुढे संच मिळेल तेव्हा तो वाया जाणार नाही.

आई-बाबांसाठी

पालकहो, दोनच विनंत्या. पहिली म्हणजे, मोठा संच एकदम आणू नका. आधी आराखडा आणि पुठ्ठ्याचं स्टेशन होऊ द्या, मग इंजिन, मग एकेक डबा. महिनाभराने मुलाचा उत्साह टिकला आहे का ते आपोआप कळेल. दुसरी विनंती थोडी अवघड आहे: बटण मुलांच्या हातात राहू द्या! बाबा गाडी चालवताहेत आणि मुलगी लांबून बघते आहे, असं चित्र नको. रूळ वाकडा बसला तरी लगेच सरळ करून देऊ नका. गाडी घसरेल, मूल खाली वाकून बघेल आणि कारण शोधून काढेल. ते शोधण्यातच खरं शिक्षण आहे.

तर मुलांनो, पट्टी आणि पेन्सिल घ्या. घरातल्या कुठल्या कोपऱ्यात ६ बाय ४ फूट जागा आहे ते आजच मोजून ठेवा. नसेल, तर पलंगाखाली सरकवता येईल अशा अर्ध्या फळीवर एक फलाट, एक सांधा आणि दोन डबे मावतात. त्यावरूनही गाडी सोडता येते!