नेपाळातले पाहुणे कोणाच्या घरी उतरतात?



मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक विषय निघाला. गावाजवळच्या किल्ल्यावर शनिवार-रविवारी गाड्या येऊ लागल्यात. मग गटाने बँकेचं कर्ज काढून पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधाव्यात का? निम्म्या जणी हो म्हणाल्या, निम्म्या हप्त्याचं नाव काढताच गप्प झाल्या. ठराव काही लिहिला गेला नाही. म्हणून आज आपण अशा एका देशाची गोष्ट बघू, जिथे डोंगरातल्या बायका पंचवीसहून जास्त वर्षं हे काम करत आहेत. तो देश म्हणजे नेपाळ.

आपल्याकडचे लोक पशुपतिनाथाला, मुक्तिनाथाला जातात, तेवढं नेपाळ आपल्याला माहीत. बाकी जग तिथे जातं ते हिमालयासाठी. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. त्याच्या दोन-तीन वर्षं आधीपर्यंत हा देश परक्यांना जवळजवळ बंदच होता. आज तिथले हॉटेलवाले, वाटाडे, हमाल, भाजीवाले, गाडीवाले असे लाखो लोक पाहुण्यांवर जगतात.

पण हा धंदा कसा हेलकावे खातो बघा. २०१४ साली सुमारे ७ लाख ९० हजार परदेशी पाहुणे आले. एप्रिल २०१५ मध्ये मोठा भूकंप झाला, जवळपास ९ हजार माणसं गेली आणि त्या वर्षी पाहुणे साडेपाच लाखांच्याही खाली आले. लोकांनी घरं पुन्हा उभी केली. २०१९ मध्ये आकडा १२ लाखांच्या घरात पोचला. मग कोरोना आला आणि २०२१ मध्ये उरले फक्त दीड लाख. बारा भाकऱ्यांची दीड भाकरी झाली म्हणा ना! २०२४ मध्ये पुन्हा साडेअकरा लाख झाले. तोवर सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांचं आंदोलन पेटलं, संसदेची इमारत जळाली, काठमांडूतलं एक मोठं हॉटेलही जळालं. आणि हे घडलं नेमकं ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हंगामाच्या तोंडावर. डोंगर दिसायला आभाळ स्वच्छ लागतं, त्यामुळे तिथली खरी कमाई या दोन महिन्यांची आणि मार्च ते मे या तीन महिन्यांची. बाकीचे दिवस जेमतेम.

रस्त्यांची अवस्था तर आपल्याही काळजाला लागलेली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस तिथे मर्स्यांगदी नदीत कोसळली. ती घरं आपण विसरलेलो नाही.

आता कर्जाकडे येऊ. पोखरा या शहरात चीनकडून कर्ज घेऊन आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधला. जानेवारी २०२३ मध्ये तो सुरू झाला. इमारत चकचकीत, पण परदेशातून नियमित येणारी विमानं पुढची दोन वर्षं जवळजवळ नव्हतीच. कर्ज मात्र फेडावंच लागणार. गिऱ्हाईक पक्कं व्हायच्या आधी खोली बांधली तर काय होतं, हे यापेक्षा मोठ्या अक्षरात कोण लिहून दाखवणार?

याच पोखऱ्याच्या दक्षिणेला स्यांजा जिल्ह्यात सिरुबारी नावाचं गुरुंग लोकांचं गाव आहे. १९९७ साली तिथे घरात पाहुणे ठेवायला सुरुवात झाली. नेपाळात या पद्धतीची सुरुवात सिरुबारीपासून मानतात. तिथली रीत ऐकण्यासारखी आहे. पाहुणा आपल्या मर्जीने घर निवडत नाही. गावची समिती त्याला घर नेमून देते, म्हणजे एकीकडे रांग आणि शेजारी माशा मारतेय असं होत नाही. गावच्या वेशीवर वाजंत्री लावून, हार घालून स्वागत होतं, त्यात आमा समूह पुढे असतो. आमा समूह म्हणजे आयांचा गट, आपल्या बचत गटाची बहीणच समजा. जेवण घरात शिजतं तेच. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याचा पैसा मालकाकडे आणि शहरातल्या दलालाकडे जातो. इथे तो चुलीपाशी येतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला महत्त्वाची वाटते. सिरुबारीत पुष्कळ घरं निवृत्त गुरखा सैनिकांची. पेन्शन चालू होती, घरं आधीच नीटनेटकी होती. त्यांनी आहे ती खोली पाहुण्याला दिली. त्यामुळे पाहुणा नाही आला तरी पोट अडलं नाही. सिरुबारी बघून ज्यांना आपण नवी इमारत बांधावी असं वाटतं, त्यांच्या हे ध्यानात येत नाही. आम्हीही बैठकीत हे बोललो नव्हतो.

पोखऱ्यातच लकी, डिकी आणि निकी छेत्री या तीन बहिणींनी १९९० च्या दशकात बायकांना डोंगरवाटेवरच्या वाटाड्या म्हणून तयार करायला सुरुवात केली. तेव्हा हे काम पुरुषांचंच समजत. एप्रिल २०२३ पासून तिथल्या बऱ्याच डोंगरवाटांवर वाटाड्या घेतल्याशिवाय परदेशी माणसाला जाता येत नाही, असा नियम झाला. म्हणजे काम आहे. तरी नेपाळची तरुण मुलं आखाती देशांत, मलेशियात जातातच. देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास चौथ्या हिश्शाइतका पैसा बाहेर गेलेली माणसं घरी धाडतात, पर्यटन त्याच्या आसपासही नाही. डोंगर कितीही सुंदर असला तरी वर्षभराची चूल त्याच्यावर चालत नाही.

आमच्या गटात आता असं ठरलंय. दोन खोल्यांचं कर्ज यंदा नाही. ज्यांच्या घरी एक खोली आणि धड संडास आहे अशा पाच जणींची नावं वहीत लिहिली. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत पाहुण्यांना पाळीने जेवण द्यायचं, दर सगळ्यांचा एकच. शनिवारी किती गाड्या आल्या, त्यातल्या किती जेवायला थांबल्या, हे सचिवताई लिहून ठेवतील. शिमग्यानंतर ती वही बैठकीत उघडू आणि कर्जाचं तेव्हा बोलू.