कुंडीतील रोपे का दगावतात?

बियातून कोंब वर येतो तेव्हा त्याच्याजवळ शिदोरी असते ती केवळ बियात साठविलेल्या अन्नाची. ती थोड्याच दिवसांत संपते व रोपाला आपले अन्न आपणच तयार करावे लागते. घरात कुंडीत लावलेली टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपे बहुधा याच नाजूक काळात दगावतात. रोप मलूल दिसले की पाणी घालावयाचे आणि पिवळे दिसले की खत घालावयाचे, अशी सर्वसाधारण प्रवृत्ती असते. परंतु कारण न ओळखता केलेला उपचार पुष्कळदा अपायकारक ठरतो.

रोप उंच, बारीक व फिकट होऊन खिडकीकडे झुकले असेल, तर त्याला प्रकाश अपुरा पडत आहे असे समजावे. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लक्ष लक्स प्रकाश असतो. खोलीत तो कित्येकदा काही शेकड्यांवर उतरतो. अशा रोपाला खत देऊन उपयोग नाही. त्याला हळूहळू उन्हाची सवय करावी. एकदम कडक उन्हात ठेवल्यास कोवळी पाने करपतात.

माती ओली असूनही पाने लोंबत असतील, तर दोष अतिपाण्याचा असण्याचा संभव अधिक. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या म्हणजे मुळे गुदमरतात आणि पाणी शोषून घेऊ शकत नाहीत. कुंडीच्या बुडाचे भोक मोकळे आहे की नाही हे आधी पाहावे.

सर्वांत घातक व्याधी म्हणजे रोपे कोलमडणे. जमिनीलगतचे खोड पाणचट होऊन आकसते व रोप आडवे पडते. पिथियम, रायझोक्टोनिया इत्यादी सूक्ष्म जीव यास कारणीभूत होतात. पिथियमचे चल बीजाणू मातीतील पाण्यातून पोहत जातात. म्हणूनच दाट पेरणी व सततची ओल या रोगास पोषक ठरतात. भारतीय वनस्पतिरोगशास्त्राचा पाया घालणारे एडविन जॉन बटलर यांनी १९०७ साली पिथियमचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला होता. कोलमडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. शेजारची रोपे मात्र वाचविता येतात. रोगट रोपे काढून टाकावीत, पाणी कमी करावे व हवा खेळती ठेवावी. पुढील पेरणीची माती ओली करून, पारदर्शक प्लॅस्टिकखाली भर उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे तापवावी. ही पद्धत १९७६ साली इस्रायलमधील संशोधनातून पुढे आली.

पानांचा पिवळेपणाही नीट वाचावा लागतो. नत्र कमी पडल्यास रोप ते जुन्या पानांतून नव्या पानांकडे नेते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह असे सहज हलत नाही. त्याच्या अभावी कोवळी पाने पिवळी होतात, पण शिरा हिरव्या राहतात.

तेव्हा आधी माती बोटाने चाचपावी, मग खोडाचा बुंधा, शेवटी पाने पाहावीत. खताचा विचार सर्वांत शेवटी करावा.