बाळाच्या हृदयातलं छिद्र आणि ‘तिकडचं रक्त’

आमच्या नोएडाच्या सोसायटीत एक मराठी कुटुंब आहे. सून पंजाबी. गेल्या वर्षी नातू झाला आणि इकोमध्ये त्याच्या हृदयाच्या पडद्यात छिद्र निघालं. सांगलीहून आलेल्या आजींनी मला लिफ्टपाशी गाठलं. “आमच्याकडे असलं कुणाला नव्हतं हो. हे तिकडचं रक्त.” सून मागेच उभी होती. मला पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून आजचा हा भाग.

दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. अनिता सक्सेना यांच्या पथकाने 20,307 नवजात बाळं तपासली. 2016 साली निष्कर्ष छापून आले: 164 बाळांना जन्मजात हृदयदोष, म्हणजे हजारी साधारण आठ. युरोपातला आकडाही याच्याच आसपास आहे. मग वंशाचा फरक नाहीच का? आहे, पण तो दोष किती यापेक्षा कुठला यात जास्त दिसतो. फुप्फुसाच्या झडपेच्या अगदी खालचं छिद्र जपान-चीनकडे जास्त सापडतं. हृदयाच्या डाव्या बाजूची वाट अरुंद राहण्याचे दोष युरोप-अमेरिकेत जास्त नोंदले जातात. ‘नोंदले’ म्हणतोय मी. जिथे इकोच होत नाही, तिथला दोष कागदावर येणार कसा?

आता रक्ताचं. पंजाब-हरियाणातली हिंदू-शीख घरं सहसा नात्यात लग्न करत नाहीत. मामाची मुलगी करायची पद्धत आपली आणि दक्षिणेची. म्हैसूरच्या एका अभ्यासात अशा जवळच्या नात्यातल्या लग्नांमध्ये मुलांत हृदयदोष जास्त आढळले. बोट दाखवायचंच तर ते उलट वळतं! बहुतेक बाळांत मात्र एकच असं कारण सापडत नाही.

त्वचेचा रंग अडचण करतो तो तपासणीत. सावळ्या बाळाचा निळेपणा चटकन दिसत नाही. म्हणून जन्मानंतर साधारण 24 तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावतात. ऑक्सिजन 95 टक्क्यांहून कमी भरला, किंवा हातापायात 3 टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला, तर पुन्हा तपासतात. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी जरा जास्तच आकडा दाखवतं, तेव्हा काठावरच्या आकड्यावर खूश होऊ नका. आणि साधं छिद्र यात सापडत नाही, त्याला डॉक्टरांचा स्टेथोस्कोपच लागतो. घरी यायच्या आधी दोन्ही झालं का, विचारा.

नातवाचं छिद्र बारीक होतं, स्नायूच्या भागातलं. अशी बरीच आपोआप बुजतात, त्याचंही बुजलं. आजी संध्याकाळी त्याला घेऊन झोपाळ्यावर असतात. मामाच्या मुलीचा विषय मी अजून काढलेला नाही.