शाकाहारातील प्रथिने

शाकाहारातील प्रथिने : मांस, मासे व अंडी वर्ज्य करणाऱ्या आहारातून शरीरास मिळणारी प्रथिने. तृणधान्ये, डाळी व कडधान्ये, तेलबिया आणि दूधदुभते हे त्यांचे चार प्रमुख स्रोत होत. दूध व दुग्धजन्य पदार्थही न घेणाऱ्यांना केवळ पहिल्या तीन स्रोतांवर विसंबावे लागते. अशा आहारातून प्रथिनांची गरज पूर्णपणे भागू शकते; मात्र त्यासाठी धान्य व डाळ यांचे परस्पर प्रमाण आणि एकूण अन्नाची पुरेशी मात्रा या दोन अटी पाळल्या जाव्या लागतात. ज्वारी, तूर, हरभरा व सोयाबीन पिकविणाऱ्या लातूर-नांदेड भागाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

घटना व गरज : प्रथिने ही सु. वीस ॲमिनो अम्लांच्या साखळ्यांनी बनलेली असतात. त्यांपैकी नऊ अम्ले मानवी शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळावी लागतात, म्हणून त्यांस आवश्यक ॲमिनो अम्ले म्हणतात. त्यांतील एकही अम्ल अपुरे पडल्यास इतर अम्लांचा ऊतकबांधणीसाठी पूर्ण उपयोग होत नाही. स्नायू, रक्त, एंझाइमे व प्रतिपिंडे या सर्वांच्या निर्मितीस प्रथिने लागतात. वाढीचे वय, गर्भारपण व स्तन्यपान या काळांत ही गरज वाढते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये केलेल्या शिफारशीनुसार प्रौढास शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किग्रॅ.मागे रोज ०·८३ ग्रॅ. उत्तम प्रतीची प्रथिने पुरतात. आहार मुख्यतः धान्याचा असल्यास प्रत्येक किग्रॅ.मागे सु. १ ग्रॅ. धरावे लागते. ५५ किग्रॅ. वजनाच्या स्त्रीस त्या हिशेबाने रोज सु. ५५ ग्रॅ. प्रथिने लागतील.

धान्य व डाळ यांची परस्परपूरकता : ज्वारी, गहू, बाजरी व तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसीन हे आवश्यक ॲमिनो अम्ल कमी असते. डाळींत ते विपुल असते. परंतु मिथिओनीनासारखी गंधकयुक्त अम्ले डाळींत कमी व धान्यांत त्या मानाने अधिक असतात. दोन्ही एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, भाकरी-आमटी किंवा पिठले-भाकरी यांच्या जोडीमागील पोषणमूल्य हेच होय. हे पदार्थ एकाच घासात किंवा एकाच जेवणात असले पाहिजेत असे मात्र नाही. दिवसभराच्या आहारात दोन्ही पुरेसे असले म्हणजे झाले. कोरडे वजन धरून तीन भाग धान्यास एक भाग डाळ हे प्रमाण चांगले समजले जाते.

दर १०० ग्रॅ. खाद्यभागातील प्रथिनांचे प्रमाण स्थूलमानाने पुढीलप्रमाणे असते : ज्वारी १० ग्रॅ., गहू ११ ते १२ ग्रॅ., तांदूळ ७ ते ८ ग्रॅ., तूरडाळ व हरभराडाळ सु. २२ ग्रॅ., मूगडाळ २४ ग्रॅ., शेंगदाणे २५ ग्रॅ., तीळ १८ ग्रॅ., सोयाबीन सु. ४० ग्रॅ. आणि दही ३ ग्रॅ. यावरून ताटाचा हिशेब मांडता येतो. दिवसाकाठी ज्वारीचे पीठ ३०० ग्रॅ., तूरडाळ ५० ग्रॅ., शेंगदाण्याची चटणी २० ग्रॅ. व दही १५० ग्रॅ. घेतल्यास सु. ५० ग्रॅ. प्रथिने मिळतात. त्यांत मूठभर, म्हणजे सु. २५ ग्रॅ. फुटाणे घातले की वर सांगितलेली ५५ ग्रॅ.ची गरज भागते. दही वर्ज्य असल्यास डाळ ७५ ग्रॅ. करून तेच साधता येते. याउलट, तेवढ्याच भाकरीबरोबर केवळ १५ ग्रॅ. डाळीचे पातळ वरण असेल, तर जेमतेम ३३ ग्रॅ. प्रथिने पदरात पडतात. पोट दोन्ही ताटांनी सारखेच भरल्यासारखे वाटते. म्हणून ताटातील वाट्या मोजण्यापेक्षा शिजत घातलेली कोरडी डाळ मोजणे अधिक विश्वसनीय ठरते.

ज्वारीच्या मर्यादा : पाण्यात शिजविल्यावर ज्वारीच्या प्रथिनांची पचनसुलभता कमी होते. शिवाय तिच्यात ल्यूसीन या अम्लाचे प्रमाण अधिक असते. दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत आढळणाऱ्या पेलाग्रा या रोगाशी त्याचा संबंध असावा, असे मत सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनी १९६० मध्ये मांडले. ज्वारी त्याज्य आहे असा याचा अर्थ नव्हे. केवळ भाकरी व मिरचीचा ठेचा यांवर भागविलेला आहार अपुरा होय, इतकाच तो आहे.

प्रथिनांची उणीव की अन्नाची? : १९६० नंतरच्या दशकात जगापुढील प्रथिनटंचाईची मोठी चर्चा झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख असलेले मराठी संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (१९११–९७) यांनी या चर्चेस वेगळी दिशा दिली. भारतीयांच्या धान्य-डाळींच्या नेहमीच्या आहारात प्रथिने सामान्यतः पुरेशी असतात. परंतु एकूण अन्नच कमी पडल्याने शरीर ती प्रथिने ऊर्जेसाठी जाळून टाकते, असे त्यांनी दाखवून दिले. प्रथिनांची महागडी पूरक चूर्णे वाटण्यापेक्षा पोटभर नित्याचे अन्न मिळणे महत्त्वाचे, असा याचा निष्कर्ष निघतो. दिवसभर शेतात राबणाऱ्या मजुरास तो विशेष लागू पडतो. तथापि स्वस्त धान्य पोटभर मिळूनही डाळ परवडत नसेल, तर प्रथिनांची प्रत हा प्रश्न शिल्लक राहतोच.

लातूर-नांदेड भागातील स्थिती : लातूर ही तुरीची मोठी बाजारपेठ असून तेथे अनेक डाळगिरण्या आहेत. गिरणीत तुरीस तेल-पाण्याचा हात देऊन ती वाळवितात, टरफल काढतात व दाणा दुभंगतात. उरलेली चुणी गुरांना घालतात. परभणी येथील कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९७२; सांप्रत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) बदनापूर केंद्राने बीएसएमआर-७३६ सारखे वांझ रोगास प्रतिकारक तुरीचे वाण दिले. तुरीच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन स्थिर करीत असल्याने हे पीक जमिनीसही उपकारक ठरते.

शेतकरी अखंड तूर विकतो आणि पुढे पुष्कळदा डाळ विकत घेतो. घरोघरी जात्यावर डाळ भरडण्याची चाल मागे पडल्यामुळे हा व्यवहार वाढला. २०१५ मध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव देशात अनेक ठिकाणी किलोस २०० रुपयांच्या आसपास गेला. त्यापुढील हंगामात विपुल पीक आले आणि २०१७ मध्ये तुरीचे बाजारभाव क्विंटलला ५,०५० रुपये या आधारभूत किंमतीच्याही खाली घसरले. पहिल्या वेळी मजुराच्या आमटीतील डाळ कमी झाली, तर दुसऱ्या वेळी पिकविणाऱ्याच्या हातातील पैसा.

सोयाबीनच्या बाबतीत ही विसंगती अधिक ठळक आहे. गेल्या काही दशकांत या पिकाने खरीप ज्वारी, मूग व उडीद यांचे बरेच क्षेत्र व्यापले. त्याचे तेल काढल्यावर उरणारी प्रथिनसमृद्ध पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते व निर्यात होते. पिकविणाऱ्याच्या घरात सोयाबीन क्वचितच शिजते. महात्मा गांधींनी १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत आहारात सोयाबीनचा प्रयोग केला होता. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारी द्रव्ये असतात. ती उष्णतेने नष्ट होतात. म्हणून दाणे उकळत्या पाण्यात २० ते २५ मिनिटे ठेवून, वाळवून मग दळतात. नऊ भाग गहू वा ज्वारीस असे एक भाग सोयाबीन मिसळल्यास चव फारशी न बदलता पिठाचा कस वाढतो.

पारंपरिक पदार्थ : या भागातील खाद्यपरंपरेत प्रथिनांची सोय आढळते. मार्गशीर्ष अमावास्येस शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येच्या (येळवस) भज्जीत तुरीचे ओले दाणे, वाटाणे, शेंगदाणे, पालेभाज्या व हरभऱ्याचे पीठ एकत्र येतात. सोबत ज्वारी व ताक यांची आंबील असते. येसराची आमटी, पिठले, घुगऱ्या, जवस व कारळे यांच्या चटण्या हे नित्याचे पदार्थही याच प्रकारचे आहेत. मोड आणल्याने कडधान्यांतील क जीवनसत्त्व वाढते आणि लोहाच्या शोषणास अडथळा आणणारे फायटेट कमी होते.

विशेष दक्षता : ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात विश्वसनीय प्रमाणात नसते, दूधही वर्ज्य करणाऱ्यांनी ते पूरक स्वरूपात घेणे आवश्यक असते. स्तन्यपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत मातेस रोज सु. १७ ग्रॅ. अधिक प्रथिने लागतात. ज्या घरांत स्त्रिया सर्वांच्या शेवटी जेवतात, तेथे भांड्याच्या तळाशी उरलेले पातळ वरण त्यांच्या वाट्याला येते. गरज सर्वांत अधिक असताना पुरवठा सर्वांत कमी होतो. प्राथमिक शाळेतील मध्यान्ह भोजनात प्रत्येक बालकास ४५० कॅलरी व १२ ग्रॅ. प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरविण्यात आलेले आहे. त्यासाठी २० ग्रॅ. डाळ नेमलेली असून ती प्रत्यक्ष पातेल्यात पडणे, यावरच त्या योजनेचे पोषणमूल्य अवलंबून असते.