एकट्याने पक्षी पाहताना

पुण्याचे मार्केट यार्ड पहाटेच जागे होते. भाजीपाला आणि धान्य घेऊन ट्रक व टेम्पो येतात. हमाल पोती उतरवतात. सांडलेले दाणे टिपायला चिमण्या आणि कबुतरे जमतात. वर आकाशात घारी गोल गोल फिरतात. उर्दूत आपण जिला चील म्हणतो, तीच ही घार.

पक्षी पाहण्याचा छंद फार चांगला आहे. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथेच त्यांना पक्ष्यांची गोडी लागली. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर. म्हणून महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो.

पण मुलांनो, पक्षी पाहताना आपण स्वतःला विसरतो. डोळे वर आणि पाय रस्त्यावर! दुर्बिणीतून दूरचा पक्षी जवळ दिसतो. मात्र आजूबाजूचे काहीच दिसत नाही. मागे येणारा टेम्पोही दिसत नाही. म्हणून एक नियम पाळा. चालताना दुर्बीण खाली ठेवा. पक्षी पाहायचा असेल, तर आधी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहा. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. त्यामुळे दृष्टी कायमची जाऊ शकते.

मार्केट यार्डापासून पर्वती आणि तळजाईच्या टेकड्या दूर नाहीत. तेथे जायचे असेल, तर शक्यतो मोठ्या माणसाबरोबर जा. एकट्याने जावे लागले, तर कोठे जाणार आणि केव्हा परतणार, हे अम्मीला किंवा अब्बांना सांगा. ठरलेली वाट सोडू नका. पाणी, शिट्टी आणि चार्ज केलेला फोन जवळ ठेवा. अंधार पडण्यापूर्वी घरी या.

गवतात आणि दगडांच्या फटींत हात घालू नका. तेथे साप असू शकतो. साप चावलाच, तर धावू नका. जखम कापू नका, दोरीने आवळू नका. मदतीसाठी हाक मारा, ११२ या क्रमांकावर फोन करा आणि लगेच रुग्णालयात जा. मधमाश्यांच्या पोळ्यापासून दूर राहा. घरट्यात पिल्ले असताना घार माणसावरही झडप घालते. तेव्हा घरट्याजवळ जाऊ नका. त्यात तुमचे आणि पिल्लांचेही भले आहे.

अनोळखी माणूस मागे येत आहे असे वाटले, तर लाजू नका. लगेच वर्दळीच्या जागी किंवा एखाद्या दुकानात जा आणि घरी कळवा. पक्षी उडून गेला, तर उद्या पुन्हा दिसेल. तुम्ही सुखरूप घरी येणे अधिक महत्त्वाचे आहे.